आस्लाकच्या मयताची बिअर

मरण्याआधी आपल्या मयताची बिअर स्वतः चाखून बघायची असं आस्लाकने ठरवलं, तेव्हा घरात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. त्या खोऱ्यात मयताला बिअर लागतेच. पाद्री प्रवचनात अडखळला तर लोक चालवून घेतात, पण मयताची बिअर गढूळ निघाली तर मेलेल्याच्या नावाला आणि जिवंत राहिलेल्यांच्या तोंडाला कायमचा डाग. आणि आस्लाकची बिअर तर अशी नितळ, की वाडग्याच्या तळाशी कोरलेली अक्षरं वरून वाचता यायची. ती आपल्याला मिळणार नाही याचंच म्हाताऱ्याला मरणापेक्षा जास्त दुःख होतं.

शहरातून आलेल्या डॉक्टरने छाती तपासली आणि बाहेर ओसरीत सुनेला, योरुनला, हळूच सांगितलं की नाताळ काही बघतील असं दिसत नाही. म्हाताऱ्याचं काळीज गेलं होतं, कान शाबूत होते. आतूनच तो म्हणाला, "माळ्यावर मोड काढून वाळवलेला जव आहे. एका हंड्यापुरता. हाल्वोर करेल."

हाल्वोर म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. वय पन्नाशीच्या पुढे, केस पांढरे, आणि भट्टी पेटलेली असताना बिअर करायच्या खोपीचा उंबरठा त्याने जन्मात ओलांडला नव्हता. लाकडं त्याने फोडायची, पाणी त्याने ओढायचं, जुनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्या डोंगरावरून त्याने आणायच्या, आणि दारात ठेवून मागे फिरायचं. आत बाप एकटा. मग बिअर तयार झाली की शेजारपाजारचे चाखायला जमत, आणि वाडगे भरून फिरवायला पुन्हा हाल्वोर. "सांडू नको, एवढंच जमव," असं आस्लाक सगळ्यांदेखत म्हणायचा आणि सगळे हसायचे. हाल्वोरच्या लग्नात तर त्याने भर पंगतीत सांगितलं होतं की पोराला बायको मिळाली, आता कुठून तरी अक्कल मिळाली की माझी काळजी मिटली. त्यालाही सगळे हसले. योरुन हसली नाही. ती तेव्हापासून सासऱ्यासमोर कधीच हसली नाही.

लहानपणी एकदा हाल्वोरने खोपीच्या फळ्यांच्या फटीला डोळा लावला होता. बाप पिंपासमोर उकिडवा बसला होता, तोटीतून सुतासारखी बारीक धार वाडग्यात पडत होती, आणि वाडगा भरला की बाप तो पुन्हा वर पिंपातच ओतत होता. हे बघून पोराला गंमत वाटली, तो खुदकन हसला, आणि पुढच्या क्षणाला फटीतून उकळत्या पाण्याचा ओगराळंभर सपकारा आला. डोळा वाचला. भुवई मात्र गेली, ती परत उगवलीच नाही. आईने लोणी लावलं आणि म्हणाली, बाबा कामात असताना जाऊ नये.

तर अशा बापाने "हाल्वोर करेल" म्हटलं, आणि या पन्नाशीच्या माणसाचे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येतो. पण आयुष्यभर उंबरठ्याबाहेर बसवलेल्या कुत्र्याला आतून कुणी यु यु केलं की ते मागचं पुढचं बघत नाही.

बापाने त्याला पलंगाशी बसवून शिकवलं. बाकीचं कठीण नव्हतंच. जव गरम पाण्यात भिजवायचा, त्याचा गोड काढा हंड्यात हॉप्सबरोबर, म्हणजे कडूपणा देणाऱ्या वेलीच्या सुक्या बोंडांबरोबर, उकळायचा, हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खरी मेख पुढे. हॉप्सचा चोथा आणि उकळताना तयार झालेला साका मागे ठेवून काढा गाळायचा कसा? त्यासाठी पिंपाच्या तळाशी, तोटीच्या तोंडावर, लाकडाच्या कांड्या आणि त्यावर जुनिपरच्या फांद्या रचतात. प्रत्येक घराची रीत वेगळी, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन तुम्ही गाळता कसं असं विचारणं म्हणजे त्याच्या बायकोच्या पेटीत हात घालण्यासारखं. त्यामुळे हाल्वोरला विचारायला या जगात एकच माणूस होता, आणि तो पलंगावर पडलेला होता.

"हॉप्स तळहातावर चोळायचे," आस्लाक म्हणाला. "पीठ होईतो. बोंड अख्खं ठेवलंस तर कडूपणा आतच राहतो. सगळं पोतं चोळ." आणि त्याने पोराचा हात स्वतःच्या हातात घेऊन, सुकं बोंड मध्ये धरून, चोळून दाखवलं. बापाचा हात इतका वेळ हातात असल्याचं हाल्वोरला दुसरं काही आठवेना. "शेवटपर्यंत ढवळत राहायचं, तळाशी काही बसू द्यायचं नाही. आणि सगळं एकदम पिंपात ओतून तोटी पूर्ण उघडायची. पहिल्या धारेला जोर असला की फांद्या धुऊन निघतात."

हाल्वोरने सगळं मनात घोकलं. योरुनने दारातून ऐकलं आणि सासऱ्याच्या डोक्याखालची उशी सारखी केली. ती उशीही हॉप्सचीच होती. म्हाताऱ्याला झोप लागत नव्हती म्हणून तिने यंदाच्याच हंगामात घराच्या दक्षिणेच्या भिंतीवरच्या वेलीची बोंडं सुकवून, अख्खीच्या अख्खी, खोळीत भरली होती. हॉप्सच्या वासाने झोप येते म्हणतात. म्हाताऱ्याला येत नव्हती, पण उशी त्याला आवडायची.

बिअरच्या दिवशी हाल्वोरने आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला, आणि लग्नालाही गेला नसेल इतक्या जपून खोपीत गेला. दार आतून लावून घेतलं, बाप लावायचा तसं. काढा सुंदर झाला. मधासारखा रंग, जुनिपरचा वास. पोतंभर हॉप्सचं त्याने पीठ केलं होतं, ते घातलं, उकळलं, हात भरून येईपर्यंत ढवळलं, सगळं गरमागरम पिंपात ओतलं, आणि तोटी पूर्ण उघडली.

धार आली ती हिरवी, चिखलासारखी. मग ती खोकली. मग थेंब थेंब. मग तेही बंद.

त्याने काठीने वरून टोचलं, तर खाली होता नव्हता तो साका फांद्यांत आणखी घट्ट बसला. तोटीला तोंड लावून आत फुंकर मारली, तर ओठ भाजले आणि आतून एक बुडबुडा तेवढा वर आला. पिंपावर थापा मारल्या, पिंप हलवलं. पिंपाला काही दया आली नाही. काढा निवत चालला होता, आणि तो असा तुंबून राहिला की आंबट होऊन नासणार हे नक्की. माळा रिकामा. यंदा पावसाने जव झोडपला होता, दुसरा हंडा होणं नाही. हाल्वोर जमिनीवर बसला आणि भाजलेल्या ओठांनी रडला. आपल्यालाच जमलं नाही, बाबा म्हणत होते तेच खरं, असं तो मोठ्याने म्हणत होता, आणि ते ऐकून योरुनने दाराला खांदा लावला. कडी निखळली.

बाईमाणसाने भट्टी चालू असताना आत यायचं नसतं. तिने आत येऊन आधी पिंपात डोकावलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"तू फटीतून पाहिलं होतंस ना लहानपणी? मला सांगितलं होतंस. धार कशी होती?"

"सुतासारखी," तो म्हणाला.

"आणि तोटी?"

हाल्वोरचा हात भुवईच्या जागी गेला. बारीक धार. वाडगा भरून पुन्हा वर ओतणं. आणि बापाने दारात फेकलेला चोथा, जो तो दरवर्षी डुकरांना घालायचा. त्यात बोंडं अख्खी असायची. अख्खी! चाळीस वर्षं त्याने स्वतःच्या हातांनी ती फावड्याने उचलली होती. डोळ्यांनी बघितलेलं सगळं त्याने बापाच्या एका शब्दावर खोटं ठरवलं होतं.

"उलटं सांगितलं त्यांनी," योरुन म्हणाली. "एकूण एक उलटं. मुद्दाम."

हाल्वोर उठला. आता तो रडत नव्हता, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्याच्यात बापाचं काहीतरी उतरलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ अजून जळायचा होता आणि पीळ पुढच्याच्या अंगात आला होता.

दोघांनी मिळून सगळं परत हंड्यात काढलं आणि खाली पुन्हा जाळ घातला. पिंप धुतलं. फांद्या कमी आणल्या म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या हाल्वोरने त्या दिवशीही दुप्पट आणल्या होत्या, त्या नव्याने रचल्या. हंड्यातला काढा त्याने काठीने एकाच दिशेने गरगर फिरवला आणि काठी काढून घेतली. फिरता फिरता साका आपोआप मधोमध ढिगासारखा बसला आणि कडेचं पाणी निवळलं. पण नुसत्या फांद्यांनी भागणार नव्हतं. बारीक पीठ त्यांतून निसटून पुन्हा तोटीत बसलं असतं. फांद्यांवर थर हवा होता, अख्ख्या बोंडांचा. आणि पोत्यात धूळसुद्धा उरली नव्हती.

"उशी," हाल्वोर म्हणाला.

योरुनने त्याच्याकडे बघितलं. "त्यांच्या डोक्याखाली आहे."

"म्हणूनच सांगतोय, कुठे आहे ते मला माहीत आहे."

म्हातारा डुलकीत होता. हाल्वोरने एका हाताने त्याचं डोकं उचललं, दुसऱ्याने उशी ओढली आणि खुंटीवरचा जुना कोट गुंडाळून त्या जागी सारला. कोटाची बटणं कुठे येतील ते त्याने बघितलं नाही. आस्लाक कण्हला, डोळे उघडले नाहीत. खोळ घामाने पिवळी पडली होती, म्हाताऱ्याचे दोन केस तिला चिकटले होते. केस त्याने झटकले की नाही ते योरुनने बघितलं नाही, आणि नंतर कधी विचारलंही नाही.

बोंडं फांद्यांवर पसरली. हंड्याच्या कडेकडेने ओगराळ्याने काढा काढून, फांदीवरून घरंगळत, हलकेच पिंपात सोडला, थर विस्कटणार नाही असा. थोडा वेळ स्वस्थ राहू दिला. मग तोटी इतकी हळू फिरवली की फिरली की नाही तेही कळू नये. सुतासारखी धार आली, मळकट. वाडगा भरला, वर ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. आणि मग एका वाडग्याच्या तळाची अक्षरं दिसली. संध्याकाळपर्यंत तोटी एकदाही अडली नाही.

आता राहिलं विरजण. वाळवून ठेवलेलं जुनं यीस्ट कोमट काढ्यात सोडताना घरधन्याने छाती फोडून आरोळी ठोकायची, ही खोऱ्याची रीत. आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर जोरदार. आरोळी ऐकली की समोरच्या उतारावरचे लोक म्हणतात, झाली बरं का अमक्याकडची. आस्लाकची आरोळी चर्चपर्यंत जायची. हाल्वोरने यीस्ट सोडलं, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"ओरड की," योरुन म्हणाली. "तुझा हक्क आहे."

"ते कान लावून पडलेत. काही ऐकू येता कामा नये."

"अरे, पण नुसते तेच ऐकतात का?"

त्याने तिला हाताने गप्प केलं. हंड्यात मधोमध उरलेला हिरवट काळा साका त्याने एका मडक्यात भरून वेगळा ठेवला. तो कशाला, हे योरुनला विचारावं लागलं नाही.

ते यीस्ट फार वेळ घेत नाही. म्हाताऱ्याने तिसऱ्या दिवशी बिअर मागितली तेव्हा पीप तयार होतं, चाखून झालं होतं, आणि हाल्वोरला आपल्या जिभेवर विश्वास बसत नव्हता. बापाच्या बिअरच्या पुढचीच होती ती. त्याने वाडगा घेतला, पिपाकडे गेला, आणि पीप तसंच ठेवून मडक्यातला गाळ वाडग्यात ओतला. वरून थोडं पाणी. बापापुढे नेऊन धरला.

आस्लाकने आधी वास घेतला. मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला. दातांत कचकच ऐकू आली. आणि त्याचा चेहरा असा फुलला की हाल्वोरने तो तसा कधी बघितला नव्हता.

"तुंबलं?"

"तुंबलं, बाबा."

"तुंबणारच," म्हातारा म्हणाला. हात वर करून त्याने पोराच्या गालावर थोपटलं, अगदी मायेने, आणि तो कडू चिखल शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. हाल्वोर उभा राहून बघत होता. एवढं साधं होतं तर. बापाला आपल्याकडून जन्मभर जे हवं होतं ते हे होतं, आणि ते एका वाडग्यात मावलं. त्याला वाटलं होतं की आपल्याला हसू येईल. हसू आलं नाही, पण खरं सांगण्याची इच्छाही झाली नाही. प्या, तो मनात म्हणाला, माझी बिअर तुम्हाला मिळायची नाही.

मग म्हाताऱ्याने समोरच्या उतारावरच्या इंग्वाल्डला बोलावून घेतलं. दोघं लहानपणापासूनचे. इंग्वाल्ड आला, पलंगाशी बसला, आधी त्याची नजर म्हाताऱ्याच्या मानेखालच्या कोटाकडे गेली. मग बराच वेळ दोघांचं कुजबुजणं आणि हसणं चाललं. भिंतीआडून हाल्वोरला एकच वाक्य स्पष्ट ऐकू आलं, कारण ते सांगताना म्हाताऱ्याने मुद्दाम दम गोळा केला होता.

"मी गेल्यावर या खोऱ्यात कुणी असं म्हणता कामा नये, की बापापेक्षा पोराची बरी होते."

म्हणतात की नाही, ते मयताच्या दिवशी कळेल, हाल्वोर मनात म्हणाला. घोडा मैदान जवळच होतं. आठवडा संपायच्या आत आस्लाक गेला, समाधानाने गेला, कोटाच्या बटणाचा ठसा गालावर घेऊन.

पुरून आल्यावर सगळं खोरं घरी जमलं. पातळ भाकरी, खारवलेल्या मटणाचे काप, आंबट सायीची लापशी. लोक गंभीर चेहऱ्याने बसले होते, पण त्यांच्या डोळ्यांत गंमत होती हे योरुनला दिसत होतं. इंग्वाल्डच्या पोटात काही राहत नाही. हाल्वोरने गढूळ करून ठेवली, सगळं तुंबवलं, हे घरोघरी पोचलेलं होतं, आणि आता तो आपल्यापुढे काय ठेवतो ते बघायला मंडळी आली होती. हाल्वोरने नवा कोट घातला होता. पीप त्याने स्वतः आणून टेबलावर ठेवलं, वाडगे भरले आणि वाट बघत उभा राहिला.

पहिला वाडगा इंग्वाल्डने उचलला. तळाची अक्षरं वाचली. प्यायला. पुढच्याला दिला. वाडगा हातोहात पूर्ण फिरून आला. हाल्वोर टेबलाला धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"आस्लाक, लबाडा," इंग्वाल्ड म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले. "स्वतःसाठी एक पीप आधीच करून तळघरात दडवलं होतंस होय!"

खोलीत सुस्कारा पसरला. तरीच, लोक म्हणाले. हा वास त्याचाच. हा हात त्याचाच. दुसऱ्या कुणाची अशी होणंच शक्य नाही. एक म्हातारी तर म्हणाली की डोळे मिटले की आस्लाक शेजारी बसल्यासारखा वाटतो. मेल्या म्हशीला मणभर दूध. आणि हिला तर ते खरोखरच लागत होतं.

"ही मी केली," हाल्वोर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. हसले नाहीत, आणि तेच वाईट होतं.

"पोरा," इंग्वाल्ड समजुतीने म्हणाला, "तुझी तुंबली ते त्याने मला स्वतः सांगितलं. तुझा गाळ चाखलाय त्याने. मुद्दाम उलटं सांगितलं होतं, तेही सांगितलं, आणि तू सगळं ऐकलंस म्हणून हसून हसून त्याला धाप लागली. आणि आरोळी? मी समोरच राहतो. त्या दिवशी कान देऊन बसलो होतो. तुझ्या खोपीतून चिमणीसुद्धा ओरडली नाही."

"त्यानेच केली, मी बघितलं," योरुन म्हणाली. बायको नवऱ्याची बाजू घेणारच, अशा चेहऱ्याने लोकांनी मान डोलावली. मागून कुणीतरी विचारलं, अरे, बोंडांचं तू पीठ केलं होतंस ना? मग गाळली कशातून?

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. इथे श्राद्ध चालू होतं आणि दाखवायला बापही होता, त्या पिपात. हाल्वोरने तोंड उघडलं. मरत्या माणसाच्या डोक्याखालून ओढलेल्या उशीतून, असं उत्तर होतं. ती घामट, केस चिकटलेली उशी आता या सगळ्यांच्या पोटात होती. तेवढ्यात इंग्वाल्डची बायको शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शेवटी शेवटी तर धड उशीसुद्धा नव्हती हो बिचाऱ्याला. यांनी डोळ्यांनी बघितलं. कोट गुंडाळून दिला होता."

योरुनने नवऱ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको.

हाल्वोर दाराबाहेर गेला. अंगण ओलांडून खोपीत गेला, रिकाम्या हंड्यापुढे उभा राहिला, आणि त्या दिवशी गिळलेली आरोळी त्याने आता ठोकली. छाती फोडून. हंडा घुमला, समोरच्या उतारावरून ती परत आली, चर्चच्या बाजूने परत आली. दम संपेपर्यंत तो ओरडला. मग तोंड पुसून घराकडे निघाला. आता ऐकलं असेल, त्याला वाटलं.

ऐकलं होतं. तो आत आला तेव्हा सगळे उभे होते. बायका डोळ्यांना रुमाल लावत होत्या. इंग्वाल्डने पुढे होऊन त्याचे दोन्ही खांदे धरले.

"रडलास एकदाचा," तो म्हणाला. "कसा का असेना, बाप होता. रक्त ओढ घेतंच."

त्याने हाल्वोरला बापाच्या खुर्चीत बसवलं, आणि त्याला जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी वाडगा भरून दिला. घे, बापाच्या हातची शेवटची आहे, सगळे म्हणाले, नाही म्हणू नको. हाल्वोरने वाडगा तोंडाला लावला. बिअर नितळ होती, आणि खरोखरच फार चांगली झाली होती.